ब गटाचा नंबर

अल्लीपूर
१४ जानेवारी २०२५

प्रिय भाची रोशनी,

मामाचा सप्रेम जय भीम.

रविवारी येऊन तू माझं तोंड बंद करून गेलीस, त्याला आज तिसरा दिवस. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गावर ओरडलो. निवृत्तीनंतर पंचक्रोशीतल्या लग्नांत, नामकरणांत, मयतानंतरच्या पुण्यानुमोदनांत वंदना घेतली. त्या माणसाला तू सांगतेस, आठ आठवडे जरुरीपुरतंच बोला, फोन करू नका, मोबाइलवर आवाज भरून पाठवू नका. मोबाइलवर अंगठ्यानं लिहिणं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून कागद घेतला. निकेश रोज सकाळच्या एसटीनं तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात कामाला येतो, त्याच्या हाती हे देतो.

तुझे व्यायाम चालू आहेत. अर्धा ग्लास पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. मग ओठ सैल सोडून फुर्र करायचं. त्रेसष्ट वर्षांचा माणूस पहाटे ओसरीवर बसून हे करतो. काल शेजारचा किराणावाला हेमराज कुंपणावरून विचारतो, "गुरुजी, म्हैस घेतली का? पाणी पिऊन राह्यली वाटते." उत्तर द्यायची मनाई, म्हणून आणखी जोरात बुडबुडे काढले. आयुष्यात पहिल्यांदा हेमराजचा शब्द वर राहिला.

तुझी प्रश्नांची यादीही भरली. 'आवाजामुळे तुम्हाला एकटं वाटतं का?' असा एक प्रश्न आहे. तुझी मामी म्हणाली, "लिहा, बायकोले एकटं राहावंसं वाटते."

आता मुद्द्याचं. बसलेल्या गळ्यांच्या तुझ्या अभ्यासाला वीस माणसं मी गोळा करून दिली. अंगणवाडीची मेघा, भजनी मंडळातले बाबाराव, बाजारात भाजी विकणारी देवकाबाई, सगळी गळ्यावर पोट किंवा मान चालवणारी. तू मामीच्या कणकेच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्यास. दहा जण अ गटात. त्यांना व्यायाम, नळी आणि दर आठवड्याला तासभर शिकवणी. दहा जण ब गटात. त्यांना एक कागद: पाणी प्या, ओरडू नका, तंबाखूचा खर्रा खाऊ नका. मी अ, देवकाबाई ब.

काल ती तो कागद घेऊन दारात आली. "गुरुजी, तुमाले नळी अन् मले कागद? मले तं वाचताबी येत नाई. मी का पाप केलं?"

मला बोलायची बंदी होती, हे एका परीनं बरंच झालं. तिला काय सांगायचं ते तूच सांग.

तुझा मामा,
प्रेमदास


वर्धा
१७ जानेवारी २०२५

प्रिय मामाजी,

जय भीम. साडेतीन पानांचं पत्र मिळालं. तोंड बंद केलं की तुम्ही हातानं बोलाल, हे मला आधीच कळायला हवं होतं. मी पत्रानंच उत्तर देतेय. फोन केला तर तुम्ही उचलाल, आणि उचलला की बोलाल.

निकेशनं सांगितलं, बसस्टँडवर तुम्ही त्याच्याशी वीस मिनिटं कुजबुजत होतात. मामाजी, कुजबुजणं हेही बोलणंच आहे, आणि बसलेल्या गळ्याला ते चांगलं नाही. दर दोन वाक्यांनी खाकरणंही बंद करा. मी हे तुम्हाला चारदा सांगितलं, छापील कागदावर दिलं, मामींना सांगितलं. शाळेत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर तुम्ही त्याला कोंबडा केलं असतं.

गटांचं म्हणाल तर चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. दोन सारखे गट हवेत. एकाला व्यायाम द्यायचा, दुसऱ्याला नुसता सल्ला, आणि आठ आठवड्यांनी फरक मोजायचा. ब गट नसेल तर उद्या कोणीही म्हणेल, थंडी गेली म्हणून गळे सुटले, व्यायामानं काय झालं? हा फरक कागदावर दिसला तरच अल्लीपूरच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस आवाजाचे उपचार सुरू करायचा प्रस्ताव पुढे जाणार आहे. आमच्या सरांनी तो लिहून तयार ठेवलाय. माझा प्रबंधही यावरच आहे आणि जूनअखेर द्यायचा आहे. सगळं या वीस माणसांवर आहे.

देवकाबाईंना सांगा, त्यांचाही नंबर लागेल. नंतर बघू. आता कृपा करून कोण कुठल्या गटात आणि का, याचा कीस पाडू नका.

तुमची,
रोशनी


अल्लीपूर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय रोशनी,

जय भीम. मी महिनाभर मुद्दामच लिहिलं नाही. मामा किती सुधारला हे तुला दिसावं म्हणून.

तू दिलेल्या नळ्या संपल्या. शंभरेक पाठव. इथे मिळतात त्या कागदाच्या, पाण्यात दोन मिनिटांत लोळागोळा होतात.

रविवारी विहारात थोडं काम असतं, तिथे जरा बोलावं लागतं. जरा म्हणजे जराच. बाकी तुझे व्यायाम फार गुणकारी आहेत. मी रोज डोळ्यांनी पाहतो आहे.

खाकरणं निम्म्यावर आणलं आहे. उरलेलं निम्मं माझ्या स्वभावात आहे.

तुझा मामा,
प्रेमदास

ता. क. मी तुझी मामी. यांनी पत्र पाकिटात घालायच्या आधी दोन ओळी लिहिते. पोरी, तुझ्या अभ्यासानं माझं घर उघडं पडलं. दर रविवारी विहारात ही गर्दी! माझे स्टीलचे बाराच्या बारा ग्लास तिकडे गेले, आता घरात लागले तर हेमराजच्या घरून मागून आणावे लागतात. यांना विचारलं तर ओठावर बोट ठेवतात. - सुलोचना


वर्धा
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय मामाजी,

जय भीम. पन्नास नळ्या पाठवतेय. नळी धुऊन पुन्हा वापरता येते. दहा नळ्यांत तुमचे आठ आठवडे निघायला हवे होते, तुम्ही त्या चावता का?

व्यायाम डोळ्यांनी पाहायचे नसतात, गळ्यानं करायचे असतात. विहारात खीर किंवा सरबत वाटायचं असेल तर ते दुसऱ्या कोणाला करू द्या. गावात तुमच्याशिवाय माणूस नाही का? आणि मामींचे ग्लास परत करा.

मोजणी ९ मार्चला. माझ्याऐवजी माझी मैत्रीण आचल येईल. कोण कुठल्या गटात हे मोजणाऱ्याला माहीत नसावं असा नियम आहे. तिला सांगू नका. खुणेनंसुद्धा नाही.

रोशनी


वर्धा
११ एप्रिल २०२५

प्रिय मामाजी,

जय भीम. आकडे आले. आठ दिवस मी ते उलटेपालटे करून बघतेय. डोकं फुटायची वेळ आली.

एका श्वासात 'आ' किती सेकंद धरता येतो, ते आपण आधी आणि नंतर मोजलं. अ गट सरासरी आठवरून अकरावर गेला. ठीक. पण ब गट आठवरून बारावर गेला! ज्यांना एक कागद दिला, ते बारावर! बाबाराव, मेघा, सगळे. देवकाबाई सातवरून चौदावर. वाचता न येणारा कागद उशाला घेऊन झोपल्या की काय?

आणि वीस माणसांत एकच माणूस खाली आला. क्रमांक सात. नऊवरून सहा सेकंदांवर. क्रमांक सात कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. मामाजी, तुम्ही आठ आठवडे नेमकं केलंत तरी काय?

रोशनी


अल्लीपूर
१५ एप्रिल २०२५

प्रिय रोशनी,

जय भीम आणि त्रिवार अभिनंदन! अ पास, ब त्याहून पास. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत असा निकाल कधी लागला नाही. तुझं पत्र मी काल जयंतीच्या कार्यक्रमात सगळ्यांना दाखवलं, देवकाबाईनं पेढे वाटले. दवाखान्यात उपचार कोणत्या वारी सुरू होणार तेवढं कळव. बाजाराचा वार नको.

माझ्या सहा सेकंदांचं मनाला लावून घेऊ नको. एखादा नापास झाला तर वर्ग बुडत नाही.

तुझा मामा,
प्रेमदास


वर्धा
१८ एप्रिल २०२५

मामाजी,

पेढे वाटलेत? कशाचे?

नीट वाचा, दोनदा वाचा. ब गटाला व्यायाम दिलेच नव्हते. तरी तो अ गटाइतकाच, उलट जास्तच सुधारला. याचा अर्थ एकच निघतो: व्यायामांचा काही उपयोग नाही, नुसत्या कागदानंही तेवढंच होतं. सर तेच म्हणाले. प्रबंधात मला लिहावं लागेल, 'आवाजाच्या उपचारांचा विशेष परिणाम आढळला नाही.' ते लिहिलं की दवाखान्याचा प्रस्ताव फायलीतच राहणार. सरांनी तो बाजूला काढूनही ठेवला.

दोन वर्षं मी हे शिकले, मामाजी. नाकातोंडात पाणी जाईपर्यंत स्वतः बुडबुडे काढलेत. ते खोटं आहे असं मलाच माझ्या सहीनं लिहायचं आहे. पुढच्या सोमवारी, २८ तारखेला, ते प्रकरण टाइप करायला घेतेय.

रोशनी


अल्लीपूर
२३ एप्रिल २०२५

प्रिय रोशनी,

टाइप करू नको. थांब. निकेशला सांगितलं आहे की हे पत्र जेवणाच्या सुट्टीची वाट न पाहता तुझ्या हातात द्यायचं.

ब गटाला व्यायाम मी शिकवले.

देवकाबाई दारातून गेली त्याच्या पुढच्याच रविवारी मी दहाही जणांना विहारात बोलावलं. शुक्रवारी तू आम्हाला जे शिकवायचीस ते रविवारी मी त्यांना शिकवायचो. ग्लास मामीचे, नळ्या तुझ्या. मोजणीपर्यंत सात रविवार. माझ्या शिकवणीत ढिलाई नसते हे तू जाणतेस, प्रत्येकाकडून मी वीस-वीस वेळा करून घेतलं. बाबाराव सारखा चुकायचा, त्याच्यावर ओरडलोही. माझे तीन सेकंद बहुधा बाबारावकडे गेले.

तुला वाटेल, मामानं अडाणीपणा केला. अडाणीपणानं नाही केला, समजून-उमजून केला. तुझे आजोबा, माझे वडील, शाळेत खिडकीबाहेर बसून पाढे शिकले. आत वीस पोरं, बाहेर तिघं. मास्तर त्यांना रोज सांगायचे, "तुमचाही नंबर लागेल, नंतर बघू." वडील तेराच्या पाढ्यापर्यंत बाहेरच होते. मग त्यांनी शाळा सोडली. ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की मी मास्तर झालो तेव्हा पहिल्या दिवशी वर्गाच्या खिडक्यांबाहेर डोकावून आलो.

आणि तू लिहिलंस, त्यांचाही नंबर लागेल, नंतर बघू. तू काही वाईट मनानं लिहिलं नव्हतंस. पण मला ते वाचवेना. दहा जणांना शिकवायचं आणि दहा जणांना बाहेर ठेवायचं, हे मला जन्मात जमणार नाही, मग त्याला विज्ञान म्हण की आणखी काही.

तुझे व्यायाम खोटे नाहीत. दोन्ही गट त्यांनीच सुधारले. हे सरांना माझ्या नावानिशी सांग. पेढ्यांची मला फार लाज वाटते आहे.

प्रेमदास


वर्धा
२७ एप्रिल २०२५

मामाजी,

सरांना सांगितलं. ते पाच मिनिटं हसले आणि मग म्हणाले, सगळा अभ्यास बाद. पुन्हा नवी वीस माणसं, नवं गाव, नव्यानं परवानगी. जूनमध्ये प्रबंध नाही. आता डिसेंबर, तोही नशिबात असेल तर. माझ्या बरोबरीचे सगळे नोकरीला लागतील, मी हॉस्टेलवर चिठ्ठ्या कापत बसेन.

आचलला विचारलं, तुला मोजताना काही वेगळं दिसलं नाही का? ती म्हणते, "सगळेच आत यायच्या आधी ओठ फुर्र करत होते. मला वाटलं, हाच यांचा नमस्कार आहे."

एकदा विचारायचं होतं मला! एक ओळ लिहायची होती, 'रोशनी, हे मला पटत नाही.' साडेतीन पानं लिहिता आणि ती एक ओळ लिहीत नाही? मामींचे ग्लास, शंभर नळ्या, ओठावर बोट. तुम्ही चोरून चांगलं काम केलंत आणि माझा घात केलात. मला तुमचा राग आलाय. सध्या पत्र लिहू नका.

रोशनी


अल्लीपूर
१४ मे २०२५

प्रिय रोशनी,

मामीचा जय भीम. त्यांना तू लिहायला मना केलंस, मला नाही, म्हणून लिहिते.

परवा वैशाख पौर्णिमा झाली. विहारात दोनशे माणूस होतं. मी म्हटलं होतं, यंदा वंदना दुसऱ्याला घेऊ द्या. ऐकतील तर ते प्रेमदास कसले! त्रिशरणापर्यंत कसंबसं आले. पंचशीलाच्या दुसऱ्या ओळीला आवाज गेला तो गेलाच. तोंड हलत होतं, पण बाहेर काही येत नव्हतं. मी इतकी वर्षं त्यांना गप्प बसा म्हणत आले, पण असं गप्प झालेलं मला पाहवलं नाही. मागून बाबारावनं पुढची ओळ उचलली, मग सगळ्यांनी. बाबाराव भजनी मंडळातला, पण ती ओळ त्याला पाठ निघाली. रविवारी यायचा ना.

डॉक्टरांनी स्वरतंतूवर सूज सांगितली. आता ते खरंच बोलत नाहीत. पाटीवर लिहितात. काल लिहिलं, 'पोरीचे सहा महिने मी खाल्ले.' आणि पुसलं.

चूक त्यांची आहेच. पण मला एक सांग, नंतर देवकाबाईला खरंच बोलावणार होतीस का?

तुझी मामी,
सुलोचना


वर्धा
२० मे २०२५

प्रिय मामाजी आणि मामी,

जय भीम. मामींच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. आणि त्याचीच मला लाज वाटतेय.

काल संमतीपत्राचा छापील मसुदा काढला. चौथ्या पानावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंय: आठ आठवड्यांनंतर ब गटातील सर्वांना तेच उपचार देण्यात येतील. हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. त्याशिवाय परवानगीच मिळत नाही. तुम्ही वीस जणांनी त्यावर सह्या आणि अंगठे केलेत. मी तुम्हाला पहिलं पान वाचून दाखवलं आणि म्हटलं, बाकी नेहमीचं आहे, करा सही. मला बसची घाई होती.

तुम्ही विचारलंत तेव्हाही मी ते सांगितलं नाही. 'नंतर बघू' म्हटलं. मला वाटलं, यांना सांगून काय कळणार. आजोबांची गोष्ट आईनं मलाही शंभरदा सांगितलीय, मामाजी. तरी मीच ते वाक्य लिहिलं.

राग माझा गेलेला नाही. निम्मा तुमच्यावर, निम्मा माझ्यावर. तुमच्या खाकरण्यासारखंच.

१५ जूनपासून नाचणगावला नवा अभ्यास सुरू होतोय. या वेळी चौथं पान आधी वाचायचं. ब गटातल्या प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं, त्यावर त्यांचं नाव, त्यांची तारीख १७ ऑगस्ट, आणि माझी सही. छापील नको, हातानं लिहिलेलं हवं. तुमच्यासारखं अक्षर जिल्ह्यात कोणाचं नाही. दहा कार्डं लिहून द्याल का? बोलायचं काम अजिबात नाही. आणि तुमचे स्वतःचे व्यायाम आता माझ्यासमोर, दर शुक्रवारी. यात वाटाघाट नाही.

तुमची,
रोशनी


अल्लीपूर
१८ ऑगस्ट २०२५

प्रिय रोशनी,

जय भीम. १० तारखेचे आकडे तू फोनवर मामीला सांगितलेस. अ गट चार सेकंदांनी वर, ब गट जिथल्या तिथे. प्रस्ताव पुन्हा वर काढला, हेही कळलं. या वेळी मी पेढे वाटले नाहीत. आधी तुझ्याकडून दोनदा वदवून घ्यावं म्हटलं.

काल नाचणगावला तू आणि आचल आत आवाज मोजायचं यंत्र लावत होतात, म्हणून बाहेरचं तुला दिसलं नसेल. ते लिहितो.

तुला आठवत असेल, जूनमध्ये कार्डं वाटली तेव्हा ब गटातली, गावात पोरांची शिकवणी घेणारी ती रीता काय म्हणाली होती. "मॅडम, तारीख सारेच देतात. त्या तारखेले कोणी येत नाई." तेव्हा मला फार बोलावंसं वाटलं होतं. तुझ्या आजोबांचं सगळं सांगावं, आणि माझं शेपूटही त्याला जोडावं असं वाटलं. पण तुझी नजर माझ्यावर होती. मी पाटीवर नुसतं लिहिलं, '१७ ऑगस्ट', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

हे दोन महिने मला सोपे गेले असं समजू नको. शुक्रवारी व्यायामाला नाचणगावला यायचो तेव्हा ब गटातले लोक तिथल्या बाजारात भेटायचे, विचारायचे, "गुरुजी, आतमंदी का शिकवतात?" माझ्या ओठांवर फुर्र येऊन थांबायचं. दोनदा तर मी तोंडात रुमाल धरला. शिकवायचं माहीत असून न शिकवणं काय असतं, हे मला या वयात कळलं. तरी तुझा नियम मी पाळला. कारण या वेळी बाहेर थांबणाऱ्याच्या खिशात तारीख होती.

काल साडेनऊची वेळ होती. मी नऊलाच दारात उभा राहिलो. नऊ जण एकेक करून आले. सगळ्यांनी कार्डं आणली होती, एकानं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. रीता काही येईना. दहाला पाच मिनिटं कमी असताना ती आली. उंबऱ्याशी थांबली. कार्ड काढलं, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "खरंच हाये का, गुरुजी?"

माझा आवाज आता आठ सेकंद टिकतो. त्यातलं एक सेकंद मी खर्च केलं आणि "हो" म्हणालो. यावर तुला रागवायचं असेल तर रागव.

ती आत गेली. मी बोटांवर मोजलं, दहाच्या दहा आत होते. मग बाहेर डोकावलो, दोन्ही खिडक्यांशी जाऊन आलो. बाहेर कोणी उरलं नव्हतं. तेव्हा दार लावून घेतलं.

तुझा मामा,
प्रेमदास